देवरुखजवळच्या घरासाठी आर्किटेक्टची फी किती असावी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात राहता. रत्नागिरी जिल्ह्यात देवरुखजवळ वडिलोपार्जित जागेत साधारण १,८०० चौरस फुटांचं, चिऱ्याच्या भिंतींचं, उतरत्या कौलारू छपराचं घर बांधायचं आहे. तीन ठिकाणांहून फीचे आकडे आले. देवरुखच्या इंजिनिअरने चौरस फुटाला २५ रुपये सांगितले. रत्नागिरीच्या आर्किटेक्टने बांधकाम खर्चाच्या ५ टक्के. पुण्याच्या आर्किटेक्टने साडेसात टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि प्रवासखर्च वेगळा. तुम्ही दिलेला २,२०० रुपये चौरस फूट हा बांधकामाचा दर धरला तर खर्च होतो ३९ लाख ६० हजार. म्हणजे पहिली फी ४५,०००, दुसरी १,९८,०००, आणि तिसरी २,९७,००० अधिक जीएसटी, मिळून साडेतीन लाखांच्या घरात. तुम्ही विचारलंय, "एकाच घराला एवढा फरक कसा? पुण्याचा माणूस शहराचे पैसे लावतोय की गावचा माणूस काम कमी करणार आहे?"

मी कोल्हापुरात प्रॅक्टिस करते आणि आंबा घाट उतरून खाली कोकणातही माझी कामं असतात. त्यामुळे या तिन्ही प्रकारच्या फीमागचं गणित मला जवळून माहीत आहे. तुम्ही हा प्रश्न गावाचा समजताय. प्रदेशाप्रमाणे फी बदलते हे खरंच आहे, आणि का बदलते ते पुढे सविस्तर सांगते. पण तुमच्या तीन आकड्यांतला मोठा फरक प्रदेशाचा नाही. या तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे दर सांगितलेत, आणि तुम्ही ते एकाच कामाचे समजून शेजारी शेजारी ठेवलेत.

४५,००० रुपयांत बहुधा काय येतं ते बघू. परवानगीसाठी लागणारा नकाशा, तो दाखल करून मंजूर करून आणणं, आरसीसीचे कॉलम, फूटिंग, बीम, स्लॅबचे तपशील, आणि पायाच्या आखणीला एक चक्कर. काही जण स्लॅबच्या आधीही एकदा येऊन जातात. हे काम प्रामाणिक आहे आणि त्या पैशांत ते परवडतं, कारण नकाशा एक-दोन बैठकांत ठरतो आणि पुढचं सगळं ठेकेदार आणि गवंडी त्यांच्या सवयीप्रमाणे करतात. तालुक्याच्या गावात बहुतेक घरं अशीच उभी राहतात. त्यात इंजिनिअर तुम्हाला फसवत नाही, पण घराच्या डिझाइनचं काम तुम्ही त्याच्याकडून घेतलेलंच नसतं.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी, कारण फीवर तिचा थेट परिणाम होतो. १९७२च्या आर्किटेक्ट्स अॅक्टने 'आर्किटेक्ट' ही पदवी राखीव ठेवली आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. पण इमारतीचं डिझाइन करण्याचं काम मात्र फक्त आर्किटेक्टनेच करावं, असं तो कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२०च्या निकालात हे स्पष्ट केलं. त्यामुळे परवानाधारक इंजिनिअर आणि सुपरवायझर त्यांच्या त्यांच्या मर्यादेत नकाशे सादर करू शकतात, आणि छोट्या गावात तेच बहुसंख्य असतात. जिथे हा पर्याय हाताशी आहे तिथे आर्किटेक्टच्या फीवर खालून दाब राहतो. मुंबईतल्या मोठ्या पुनर्विकासात तो दाब कमी जाणवतो, देवरुखात जास्त. प्रदेशाप्रमाणे फी बदलण्याचं हे पहिलं खरं कारण.

आता १,९८,००० किंवा २,९७,००० रुपयांत काय येणं अपेक्षित आहे? जागेची पाहणी आणि उताराची मापं. दोन-तीन पर्यायी आराखडे. परवानगीचे नकाशे. त्यानंतर वर्किंग ड्रॉइंग्ज, म्हणजे प्रत्यक्ष बांधण्यासाठीचे नकाशे: पाया, जोतं, प्रत्येक भिंतीची उंची, दारं-खिडक्या, जिना, छप्पर, बाथरूमचं प्लंबिंग, इलेक्ट्रिकचे पॉइंट, पावसाच्या पाण्याचा निचरा. एवढ्या घराला असे तीस-चाळीस कागद सहज होतात. शिवाय ठेकेदाराची कोटेशनं तपासणं, ठरलेल्या टप्प्यांना साइटवर जाणं, बिलं बघणं. माझ्या अनुभवात एका स्वतंत्र घराला ऑफिसचे सगळ्यांचे मिळून तीनशे ते चारशे तास लागतात, आणि घरमालकाचे निर्णय लांबले की त्याहून जास्त. तासाला सहाशे रुपये धरलेत तरी १ लाख ८० हजार ते २ लाख ४० हजार होतात. तुम्हाला आलेले ५ टक्के या पट्ट्यात बसतात. ४५,००० या पट्ट्यात बसत नाहीत, कारण त्यात हे काम नाहीच.

या कागदांपैकी एक जवळून दाखवते, म्हणजे पैसे कशाचे जातात ते लक्षात येईल. तुम्हाला चिऱ्याच्या भिंती हव्यात, आणि बाहेरून गिलावा नको, चिरा उघडा दिसायला हवा असंही तुम्ही लिहिलंय. उघड्या चिऱ्यात लपवायला जागा नसते. चिऱ्याचं माप खाणीगणिक थोडं बदलतं. त्यामुळे तुम्ही घेणार त्या खाणीचा चिरा आधी मोजावा लागतो, त्यात सांध्याची जाडी मिळवून एका थराची उंची काढावी लागते, आणि मग खिडकीच्या खालची उंची, खिडकीची उंची, लिंटलची (खिडकीवरच्या आडव्या तुळईची) पातळी हे सगळं त्या थरांच्या पटीत बसवावं लागतं. हे कागदावर केलं नाही तर काय होतं ते कोकणातल्या कितीतरी नव्या घरांवर दिसतं. खिडकीच्या वर तीन बोटांची चिऱ्याची कापलेली पट्टी, आणि बाजूच्या खिडकीला तीच पट्टी दोन बोटांची. गवंड्याचा त्यात दोष नाही. त्याच्या हातात खिडकीचं फक्त 'चार बाय चार' एवढंच माप दिलेलं असतं.

छपराचंही तसंच. तुमच्या आराखड्यात पुढे पडवी आहे आणि एका बाजूला पाखं, म्हणजे छपराचा उतार, आत वळतंय. जिथे दोन पाखी आतल्या कोनात मिळतात तिथे दोन्हीकडचं पाणी एका पन्हळीत येतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पन्हळीची रुंदी, पत्र्याची कडा कौलाखाली किती आत जाते, पन्हळीचं तोंड कुठे मोकळं होतं, याचा मोठ्या प्रमाणात काढलेला तपशील हवा. चांगला आर्किटेक्ट कदाचित तुम्हाला असंही सांगेल की आतला कोनच काढून टाकू, आराखडा सरळ करू. या सल्ल्याचा एकही कागद होत नाही, पण पुढच्या सगळ्या पावसाळ्यांचा त्रास त्यात वाचतो. फी बघताना हा भाग चौरस फुटात मोजता येत नाही.

आता प्रदेशाकडे येते.

टक्केवारीची फी बांधकाम खर्चावर बसते, आणि खर्च प्रदेशाप्रमाणे बदलतो. तेच १,८०० चौरस फुटांचं घर एखाद्या ठिकाणी ३० लाखांत होतं आणि दुसरीकडे ६० लाखांत. आर्किटेक्टचे तास मात्र जवळपास तेवढेच लागतात. त्यामुळे स्वस्त बांधकामाच्या भागात टक्का थोडा जास्त सांगितला जातो, किंवा आर्किटेक्ट टक्केवारी सोडून ठोक रकमेवर येतो. नुसता टक्का बघून 'इथला महाग, तिथला स्वस्त' असा निष्कर्ष काढू नका. लहान कामालाही टक्का मोठाच असतो. हजार चौरस फुटांच्या घराला जिना एकच, बाथरूम दोन, स्वयंपाकघर एक; अडीच हजार फुटांच्या घरालाही जवळपास तेवढंच. डोकं खायला लावणारे भाग सारखेच, क्षेत्रफळ मात्र निम्म्याहून कमी. बिल्डरच्या इमारतीत एक मजला आखला की तो दहा वेळा वापरता येतो, म्हणून तिथला टक्का खूप खाली असतो. तुमच्या पुण्यातल्या ओळखीच्या बिल्डरने 'आम्ही तर दोन टक्केच देतो' असं सांगितलं तर तो खरंच बोलतोय, पण ती तुलना तुमच्या घराला लागू नाही.

दुसरा भाग परवानगीचा. मुंबईत डीसीपीआर २०३४ ही बांधकामाची नियमावली लागू आहे, आणि उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२०मध्ये आलेली एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. मुंबईत एफएसआय (जागेच्या प्रमाणात किती बांधता येतं), टीडीआर आणि फंजिबल (त्यावर मिळणारं जादा बांधकाम), अग्निशमन, विमानतळाची उंचीची मर्यादा, असे एकेका इमारतीला इतके धागे असतात की महापालिकेतली कामं करणं ही तिथे स्वतंत्र प्रॅक्टिस आहे आणि त्याची फी वेगळी. पुण्यातही 'लायझनिंग', म्हणजे सरकारी ऑफिसांत फाइल पुढे नेणं, वेगळं सांगितलं जातं. तुमच्या घराला यातलं फार काही लागणार नाही. तुमचा प्रश्न वेगळाच असेल. जागा गावठाणात आहे की बाहेर? बाहेर असेल तर ती जमीन शेतीऐवजी घरासाठी वापरता येते का? सातबाऱ्यावर तुमचं एकट्याचं नाव आहे की चुलत्यांची, आत्यांची आणि त्यांच्या मुलांची मिळून पंधरा-वीस नावं? कोकणातली परवानगी अनेकदा नियमावलीत अडकत नाही, सहहिस्सेदारांच्या संमतीत अडकते. ते काम आर्किटेक्टचं नाही, पण ते होईपर्यंत फाइल त्याच्या टेबलावर पडून राहते आणि जागा बदलली, हद्द बदलली की नकाशे पुन्हा काढावे लागतात. वाटणीपत्र आधी करून घ्या आणि मोजणीची प्रत हातात ठेवा. त्यानंतर फी बोललात तर आकडा खाली येण्याची शक्यता खरी आहे.

समुद्राजवळ घर बांधणाऱ्यांना एक वाक्य: तुमची जागा देवरुखला आहे म्हणून सुटलात, पण गणपतीपुळे, गुहागर, मालवण, किंवा गोव्यातल्या किनाऱ्यालगतच्या जागेला सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या बंधनांचे, नियम बघितल्याशिवाय कुणीही फी सांगू नये. तिथे घर बांधता येतं का, हाच मुळी पहिला अभ्यास असतो आणि त्याचे वेगळे पैसे घेणं रास्त आहे.

तिसरा भाग प्रवासाचा, आणि दुसऱ्या गावाहून आर्किटेक्ट आणणाऱ्यांचा हिशोब सर्वांत जास्त इथेच चुकतो. पुण्याहून देवरुखला येऊन परत जायचं तर एक मुक्काम धरावा लागतो, म्हणजे दोन दिवस. कोल्हापूरहून माझा एक पूर्ण दिवस जातो. रत्नागिरीहून अर्धा दिवस. तुमच्या पुण्याच्या आर्किटेक्टने प्रवासखर्च वेगळा सांगितलाय. त्यात गाडीचं पेट्रोल आलं, हॉटेल आलं. पण त्याचे स्वतःचे दोन दिवस त्याने कुठे मोजलेत ते विचारा. बहुधा त्याने भेटी कमी धरल्या असतील. साडेसात टक्के जास्त वाटतात, पण भेटी पाचच असतील तर त्याच पैशांत रत्नागिरीचा माणूस पंधरा वेळा येऊन जाईल.

भेटींचं एवढं महत्त्व का, हे एका उदाहरणाने सांगते. तुमच्या आराखड्यात वरच्या खोलीला चार फूट बाहेर आलेली गॅलरी आहे. अशा पुढे लोंबणाऱ्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असावी लागते, कारण ताण तिथे येतो. सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबच्या तात्पुरत्या साच्यावर, स्टील बांधून झालं की ते बरोबर दिसतं. मग स्लॅबच्या दिवशी काँक्रीटच्या पाट्या घेऊन माणसं त्या जाळीवरून चालतात. खाली पुरेशा चेअर (वरची सळई उचलून धरणारे वाकवलेले सळईचे तुकडे) लावलेल्या नसतील तर ती वरची सळई पायाखाली दबून मधे किंवा तळाला जाते. स्लॅब भरल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. सेंटरिंग काढल्यावर गॅलरी वाकते, मुळाशी वरून तडा येतो, आणि वाईट असेल तर त्याहून जास्त होतं. हे पकडण्याची वेळ एकच: स्लॅबच्या आदल्या दिवशी स्टील तपासताना आणि स्लॅब भरताना. फोटो मागवून हे पूर्ण कळत नाही, चेअर हाताने हलवून बघाव्या लागतात. स्लॅबची तारीख ठेकेदार आयत्या वेळी ठरवतो, कधी पाऊस येतोय म्हणून दोन दिवस आधी ओढतो. जवळचा माणूस तेव्हा पोचतो. म्हणून लांबचा आर्किटेक्ट घेणार असाल तर देवरुखमध्येच एक साइट इंजिनिअर नेमा, त्याचे पैसे वेगळे धरा, आणि स्टील तपासून सही करण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हे लिहून घ्या. आरसीसी कन्सल्टंटची फी आर्किटेक्टच्या फीत धरली आहे की वेगळी, हेही तिघांनाही विचारा. कोयनेचा १९६७चा भूकंप झालेला हा पट्टा आहे. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरवर पैसे वाचवू नयेत, एवढं मी ठामपणे सांगेन.

चौथं कारण कारागिरांचं, आणि यात बहुतेकांचा समज उलटा असतो. लोकांना वाटतं शहरात काम गुंतागुंतीचं, म्हणून फी जास्त, आणि गावात साधं, म्हणून कमी. प्रत्यक्षात पुण्यात मला चांगला ठेकेदार मिळतो. त्याच्याकडे स्वतःचा इंजिनिअर असतो, तो नकाशा वाचतो, शंका असेल तर फोन करतो. गावाकडे चिऱ्याचं काम करणारा गवंडी हाताने फार चांगला असू शकतो, पण सिव्हिल, प्लंबिंग, फॅब्रिकेशन, सुतारकाम या सगळ्यांची सांगड घालणारं कुणी नसतं. ती सांगड मग आर्किटेक्टला घालावी लागते. छपराचा लोखंडी सांगाडा (ट्रस) करणाऱ्या फॅब्रिकेटरला सुताराच्या आधी बोलवायचं की नंतर, इथपासून. म्हणजे गावच्या घराला आर्किटेक्टचं काम जास्तच लागतं, आणि बाजारातली फी मात्र कमी. हा मेळ बसत नाही म्हणून तालुक्याच्या गावांत पूर्ण सेवा देणारे आर्किटेक्ट टिकणं अवघड जातं, आणि आपण मग म्हणतो की गावात चांगलं काम मिळत नाही. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण कोकणातली जुनी घरं बांधण्याची समज कुठल्याही शहरापेक्षा वरची होती.

ऑफिसचं भाडं आणि पगार हे कारण सगळे सांगतात. ते खरं आहे. पुण्यात भाडं जास्त, नव्या आर्किटेक्टला पगार जास्त द्यावा लागतो. यापलीकडे त्यात समजून घेण्यासारखं फार नाही.

'मग सरकारने दर ठरवून का देऊ नयेत?' हा प्रश्नही अनेक जण विचारतात. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा एक शुल्कतक्ता आहेच. वर्षानुवर्षं चालत आलेल्या तक्त्यात स्वतंत्र घरासाठी खर्चाच्या साडेसात टक्के धरलेले आहेत, आणि कागदपत्रं-छपाईसाठी फीच्या १० टक्के वर. तुमच्या पुण्याच्या आर्किटेक्टने तोच आकडा दिलाय. त्यात त्याने तुमचं शहर बघून काही लावलेलं नाही. पण बाजारात हा तक्ता वाटाघाटीची सुरुवात म्हणूनच चालतो. इतर देशांनीही हे करून पाहिलंय. जर्मनीत आर्किटेक्टच्या फीचे किमान आणि कमाल दर कायद्याने बांधलेले होते, ते युरोपीय न्यायालयाने जुलै २०१९मध्ये युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवले. आता तिथेही ते दर मार्गदर्शक म्हणून उरले आहेत. थोडक्यात, शेवटी कामाची यादी आणि करार यावरच भर द्यावा लागतो.

टक्केवारी घ्यावी की ठोक रक्कम? माझं मत असं की स्वतंत्र घराला टक्केवारीने रक्कम काढावी आणि मग ती ठोक म्हणून गोठवावी. टक्केवारी चालू ठेवली तर खर्च वाढेल तशी फी वाढते. बहुतेक आर्किटेक्ट त्यासाठी खर्च वाढवत नाहीत, पण तुमच्या मनात शंका येते, आणि महाग टाइल सुचवली की तुम्हाला ती शंका आठवते. ते नात्यासाठी चांगलं नाही. गोठवलेल्या रकमेसोबत दोन गोष्टी लिहाव्यात. क्षेत्रफळ दहा टक्क्यांहून जास्त वाढलं तर फी त्या प्रमाणात वाढेल. आणि मंजूर झालेला आराखडा तुमच्या सांगण्यावरून बदलला तर त्याचे वेगळे पैसे. ही दुसरी अट घरमालकांना आवडत नाही, पण ती तुमच्याच फायद्याची आहे. मुंबईचे भाऊ मे महिन्यात येतात, वास्तुशास्त्राचा सल्ला घेऊन येतात, आणि जोतं झाल्यावर स्वयंपाकघर आग्नेयेला न्यायचं ठरतं. वास्तू पाळायची असेल तर जरूर पाळा, फक्त ते पहिल्या बैठकीत सांगा. तेव्हा ते बदलायला पेन्सिल पुरते.

खर्च कशाकशाचा धरायचा हेही आधी ठरवा. जमिनीची किंमत त्यात येत नाही. कंपाऊंड, विहीर, बोअर, सोलर, फर्निचर धरायचं की नाही, यावर फी पन्नास-साठ हजारांनी हलू शकते. सरकारी शुल्कं, विकास शुल्क, लागू असेल तर कामगार उपकर, हे आर्किटेक्टच्या फीत नसतात, ते तुम्ही थेट भरता. जीएसटीचं म्हणाल तर वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला नोंदणी बंधनकारक नसते, म्हणून रत्नागिरीच्या आर्किटेक्टने तो धरला नसेल. तसं आहे का ते विचारून घ्या, नाहीतर बिलात १८ टक्के अचानक दिसतील.

आणि एक गोष्ट, जी कोटेशनमध्ये कधीच नसते. काही ठिकाणी फी खूप कमी सांगून ठेकेदाराकडून, टाइलच्या दुकानातून, सिमेंट-सळईवाल्याकडून कमिशन घेतलं जातं. आर्किटेक्टना कौन्सिलच्या १९८९च्या आचारनियमांनी हे मना आहे. ठेकेदार किंवा दुकानदाराकडून सूट, भेट, कमिशन काहीही घेता येत नाही. म्हणून आर्किटेक्टची पूर्ण फी देताना तुम्ही दुकानात आणि ठेकेदारासमोर तुमच्या बाजूने उभा राहील असा माणूस विकत घेत असता. हे करारात एका वाक्यात लिहून घ्या. जो प्रामाणिक आहे तो आनंदाने लिहून देईल. नोंदणी क्रमांकही मागा, तो 'सीए'ने सुरू होतो आणि त्यात नोंदणीचं वर्ष असतं. कौन्सिलच्या यादीत नाव तपासता येतं.

आता तुम्ही करायचं काय? तिघांनाही एकच पत्र पाठवा. त्यात लिहा: क्षेत्रफळ, छपराचा प्रकार, उघडा चिरा, अंदाजे बजेट. आणि विचारा: कोणकोणती ड्रॉइंग्ज मिळतील त्यांची यादी, साइटभेटी किती आणि कोणत्या टप्प्यांना, आरसीसी धरलंय का, परवानगीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत कुठपर्यंतचं काम, प्रवास आणि जीएसटी धरून एकूण आकडा. पैसे टप्प्यांनी द्या, आणि सुमारे पाव भाग बांधकाम चालू असतानाच्या भेटींना जोडून ठेवा. परवानगीच्या दिवशी ऐंशी टक्के देऊन मोकळं झालात तर पुढच्या भेटींना कुणालाच ओढ राहत नाही. ही उत्तरं आली की तिन्ही आकडे बदलतील, आणि माझा अंदाज आहे की ४५,०००चा एक लाखाच्या आसपास जाईल आणि पुण्याचा थोडा खाली येईल.

मला विचाराल तर तुमच्या घरासाठी मी रत्नागिरीच्या आर्किटेक्टकडे झुकेन, १,९८,०००ची रक्कम ठोक करून, आरसीसी वेगळं ठेवून आणि किमान बारा भेटी लिहून. पण त्याआधी त्याने बांधलेलं, दोन-तीन पावसाळे काढलेलं एखादं उघड्या चिऱ्याचं घर बघून या, आणि त्या घरातल्या माणसांना छपराबद्दल विचारा. पुण्याच्या आर्किटेक्टचं कोकणात तसं काम असेल आणि ते तुम्हाला मनापासून आवडलं असेल, तर त्याचे जास्तीचे पैसे देण्यात काही चुकत नाही. फक्त देवरुखच्या इंजिनिअरला साइटसाठी सोबत घ्या. त्याला घराचा दुश्मन समजू नका. स्थानिक गवंडी, खाण, सेंटरिंगवाले, तलाठी, हे सगळं त्याला माहीत असतं.

वेळेबद्दल शेवटचं. तुमच्याकडे खरं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मेअखेर छपराखाली यायला हवं. म्हणजे करार जूनच्या आत करा, पावसाळ्यात ड्रॉइंग्ज आणि परवानगी होऊ द्या. आणि जो कुणी ठरेल त्याला जुलैमध्ये, भर पावसात, एकदा जागेवर न्या. वरच्या बांधावरून पाणी नेमकं कुठून उतरतं आणि कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं, आणि जोतं किती उचलायचं हे त्यावरच ठरवायचं आहे. ही भेट करारातल्या भेटींत पहिली म्हणून लिहा.